गाडीच्या आतला रंग आणि लेश्येचं झाड



जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी बाहेरून चार फेऱ्या मारतो. बंपरवर ओरखडे किती, टायर कितपत झिजलेत, किलोमीटर किती झालेत, मालक पहिला की दुसरा. आत बसतो तो एसी लावून बघायला. सीटचा रंग पहिल्यांदा बघतात घरातल्या बायका, आणि त्यावर काही बोलल्या की "रंगाचं काय घेऊन बसलीस, इंजिन बघ" हे ऐकून घेतात. मग गाडी दारात येते, पंधरा दिवस कौतुक होतं, आणि सोळाव्या दिवशी त्याच पुरुष मंडळींच्या डोळ्यांत आतला बेज रंग खुपायला लागतो. लवकर मळतो म्हणे. म्हाताऱ्या माणसाच्या गाडीसारखा दिसतो म्हणे.

यावर हल्ली एक उपाय निघाला आहे. आतलं सगळंच काढून टाकायचं आणि दुसऱ्या गाडीचं काळं इंटिरियर आणून बसवायचं. कव्हर घालणं वेगळं. इथं सीट, दारांचे पॅड, खालचं कार्पेट, छताचं अस्तर, सीटबेल्ट आणि हौस फारच असेल तर डॅशबोर्डसुद्धा बदलतात.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ जायला नको. रंगाची आवड असण्यात मला काही गैर वाटत नाही. पण धडधाकट असलेलं आतलं सामान केवळ रंगासाठी उपसून काढणं हा आपल्या शास्त्राच्या भाषेत अनर्थदंड आहे आणि माझ्या बी. कॉम.च्या भाषेत बुडीत खर्च. रंग बघायचा तो पैसे मोजायच्या आधी.

विषय निघाला तो जयसिंगपूरच्या भाच्यामुळे. त्यानं सात वर्षं वापरलेली डिझायर साडेचार लाखांना घेतली. गाडी चांगली आहे, जपून वापरलेली आहे. आत बेज आणि काळा असे दोन रंग. आता ज्यांनी स्विफ्ट आणि डिझायर दोन्ही पाहिल्यात त्यांना ठाऊक असेल की या दोघी बहिणी. त्या वेळच्या मॉडेलांत पुढून चेहरा बराचसा सारखा, डॅशबोर्डची ठेवण बरीचशी सारखी, पण स्विफ्ट आतून काळी आणि डिझायर बेज. कंपनीचा हिशोब असा असावा की स्विफ्ट तरुणांनी घ्यावी आणि डिझायर कुटुंबवाल्यांनी. त्यामुळे ज्याला डिझायरची डिकी हवी आणि स्विफ्टचा काळा रंग हवा, त्याच्या डोक्यात हा अदलाबदलीचा किडा शिरतोच. भाच्याला एकानं सामान आणि मजुरी धरून ऐंशी हजार सांगितले होते. सामान येणार होतं भंगारात निघालेल्या स्विफ्टचं.

मी त्याला म्हटलं, आधी माहीतगार माणसाला विचारू. उद्यमनगरात एक कुशनवाले आहेत, आमच्या सोफ्याचं कामही त्यांनीच केलं होतं. त्यांनी गाडीचं दार उघडून बघितलं आणि म्हणाले, "काकी, पुढच्या सीट चार-चार बोल्टवर असतात, त्या अर्ध्या तासात निघतील. पुढं काय?"

पुढं काय हे त्यांनी सविस्तर सांगितलं, आणि ते सगळ्यांनाच उपयोगी आहे म्हणून लिहिते. मागची दारं दोन्ही गाड्यांची वेगळी. २०१८ मध्ये आलेल्या स्विफ्टला मागच्या दाराचं हँडल वर काचेशेजारी होतं, डिझायरला नेहमीच्या जागी. तेव्हा मागचे डोअर पॅड जसेच्या तसे बसतील हे विसरायचं. कार्पेट काढायचं तर सीट, मधला कन्सोल आणि दारांच्या उंबऱ्यावरच्या पट्ट्या सगळं निघालं पाहिजे. हे सगळं प्लॅस्टिकच्या छोट्या क्लिपांवर बसवलेलं असतं. सात वर्षांच्या उन्हानं त्या क्लिपा कडक झालेल्या असतात, काढताना निम्म्या तुटतात, आणि मग खड्ड्यातून जाताना गाडी आतून खडखड वाजते. तो आवाज कुठून येतो हे शोधायला पुन्हा वेगळे पैसे. डॅशबोर्डचं तर नावच काढू नका. त्याच्यामागं एसी, वायरिंगचा सगळा गुंता आणि पुढच्या प्रवाशाची एअरबॅग. शिवाय काळा म्हणजे सगळा काळा एकच नसतो. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा काळा करडा पडतो. एका गाडीतून सीट आणि दुसरीतून पॅड आणले की तीन प्रकारचा काळा रंग एकत्र नांदतो, आणि तो बेजपेक्षा जास्त डोळ्यांवर येतो.

एअरबॅगचं त्यांनी सांगितलं ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर समजायचं की ही एअरबॅगची किंवा बेल्ट ताणून धरणाऱ्या यंत्रणेची वायर आहे. बॅटरी सोडवल्याशिवाय आणि थोडा वेळ थांबल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच शिवलेली असते. तिथं जाडजूड कव्हर घालणंही धोक्याचं, एअरबॅग उघडायला वाट राहत नाही. त्यासाठी बाजूची शिवण मुद्दाम कच्ची ठेवलेली कव्हरं मिळतात, ती मागून घ्यावीत. रंगाच्या नादात कुणी ही यंत्रणा तोडून ठेवली आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा बंद करून दिला, तर ते घरच्यांच्या जिवाशी खेळणं झालं.

कायद्याची अडचण मात्र नाही. आरसी बुकात गाडीचा बाहेरचा रंग लिहिलेला असतो. तो बदलायचा तर मोटार वाहन कायद्यानुसार आरटीओला कळवून नोंद करून घ्यावी लागते. आतल्या रंगाची नोंद कुठंच नसते. सरकारला आपल्या आतलं काही देणंघेणं नाही, ते आपलं आपण बघायचं.

आता हिशोब. भाचा म्हणाला, "मावशी, नवी घेतली असती तर दुप्पट पैसे गेले असते. जुनी घेऊन एवढे वाचवले, त्यातले ऐंशी हजार हौसेला घातले तर बिघडलं कुठं?" हा युक्तिवाद मी साड्यांच्या दुकानात, सराफकट्ट्यावर आणि लग्नाच्या याद्यांमध्ये गेली चाळीस वर्षं ऐकत आले आहे. जो खर्च झालाच नाही त्याची नोंद कुठल्याही वहीत होत नाही. वाचलेले चार लाख कुठल्या खात्यात जमा आहेत ते दाखव म्हटलं, तर दाखवता येत नाहीत. जमा आहे ते कर्ज आणि त्याचे हप्ते. साडेचार लाखांच्या वस्तूवर ऐंशी हजार म्हणजे जवळजवळ १८ टक्के. ते घातल्यानं गाडी जास्त दिवस चालणार नाही, पेट्रोल कमी खाणार नाही. विकताना व्यापारी विचारणार मॉडेलचं साल, किलोमीटर आणि कितवा मालक. आत काळं आहे म्हणून दहा हजार जास्त देतो असं कुणी म्हणणार नाही. उलट "आतलं उघडलेलं दिसतंय, अपघाताची गाडी आहे का?" अशी शंका घेईल. विम्याचंही तसंच. पाच वर्षांपर्यंत घसाऱ्याचा तक्ता ठरलेला असतो, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. त्याहून जुन्या गाडीची किंमत मालक आणि विमा कंपनी मिळून ठरवतात. बाहेरून बसवलेल्या सामानाची वेगळी नोंद केली नसेल तर त्याची भरपाई मागायला जागा राहत नाही.

पैशाचं एवढं पुरे. पैसे त्याचे आहेत आणि तो कमावता आहे. मला त्याहून जास्त बोलायचं आहे ते दुसऱ्याच गोष्टीवर.

आपल्या पुष्कळ मंदिरांत, आणि आपल्याकडच्या बस्त्यांमध्येही, एक चित्र लावलेलं असतं. फळांनी लगडलेलं एक झाड आणि सहा माणसं. नेमिचंद्र आचार्यांच्या गोम्मटसारात हा दृष्टांत आहे. सहाही वाटसरू भुकेले आहेत, सहाही जणांना फळंच हवी आहेत. पहिला म्हणतो झाड मुळासकट उपटू. दुसरा म्हणतो बुंध्यापाशी तोडू. तिसरा मोठ्या फांद्यांवर येतो, चौथा डहाळ्यांवर. पाचवा फक्त फळं तोडू म्हणतो, आणि सहावा खाली पडलेली वेचतो. कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म आणि शुक्ल या त्यांच्या लेश्या. लहानपणी आम्हाला हे चित्र दाखवून "तू यातला कोण?" असं विचारायचे. सगळी मुलं अर्थातच सहावा व्हायची.

या दृष्टांतात फळ खाण्याला दोष दिलेला नाही, हे मला नेहमी विशेष वाटतं. भूक सहाही जणांची सारखीच. फरक आहे तो तेवढ्या फळासाठी किती मोडतोड करायला मन तयार होतं यात. म्हणून मी भाच्याला "काळा रंग कशाला हवा?" असं विचारलं नाही. हवा तर हवा. (आणि काळी सीट म्हणजे कृष्ण लेश्या असंही कुणी समजू नका. वस्तूच्या किंवा शरीराच्या रंगाशी त्याचा संबंध नाही, भावलेश्या मनाच्या परिणामांची असते. काळ्या गाडीत शुक्ल लेश्येचा माणूस बसू शकतो आणि पांढऱ्या गाडीत उलटा.) पण काळ्या सीटसाठी आख्खी गाडी आतून सोलायची, हे मुळासकट उपटण्याच्या फार जवळ जातं.

त्यातून गंमत अशी की जुनी गाडी घेणं हेच मुळात खाली पडलेलं फळ वेचणं आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ओतलेलं लोखंड देशभरच्या गाड्यांत जातं. आपल्या ओळखीतली कितीतरी घरं त्यावर उभी आहेत आणि त्या भट्ट्यांची धग काय असते हे कोल्हापूरकराला सांगायला नको. जुन्या गाडीसाठी ती भट्टी पुन्हा पेटवावी लागत नाही. जे घडायचं ते घडून गेलेलं असतं, आपण फक्त राहिलेला उपभोग घेतो. इतकं चांगलं पाऊल टाकल्यावर लगेच पुढच्या पावलाला झाडावर कुऱ्हाड कशाला?

भाचा हुशार आहे. म्हणाला, "मावशी, मी आणणार ते सामानही भंगारातलंच, म्हणजे तेही पडलेलंच फळ की." बरोबर आहे, आणि ज्याच्या सीट फाटल्यात, फोम बसलाय, त्यानं भंगारातल्या गाडीचा चांगला सेट आणून लावला तर ते मला नवीन घेण्यापेक्षा शतपट बरं वाटेल. प्रश्न आहे तो काढलेल्या बेज सीटचं काय? कुशनवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, ठेवायला जागा नाही, गिऱ्हाईक नाही, फ्रेमचं लोखंड वजनावर जातं आणि फोम, कापड नि प्लॅस्टिक कचऱ्यात. म्हणजे सात वर्षं जपलेली, कुणी न मागितलेली वस्तू आपल्या हातानं कचरा झाली. बेज हवं असलेला काळ्या गाडीवाला समोरासमोर भेटला आणि दोघांनी सीटची अदलाबदल केली, तर माझी काही तक्रार नाही. पण असा जोडीदार मिळणं लग्न जमवण्यापेक्षा अवघड.

समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात परिग्रहपरिमाण व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यातला पहिलाच अतिवाहन आणि तिसरा विस्मय. विस्मय म्हणजे दुसऱ्याचं वैभव बघून डोळे विस्फारणं. मी वाचलं तेव्हा वाटलं, हे मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघणाऱ्यांसाठीच लिहिलंय. भाच्याला बेज रंग पहिल्या पंधरा दिवसांत खुपला नव्हता. मित्राच्या गाडीत बसून आला आणि खुपला. आपल्याकडे दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येते, आख्खं कोल्हापूर ती बघायला लोटतं, पण ती बघून घरी आल्यावर कुणाला आपली गाडी खुपत नाही. खुपते ती शेजाऱ्याची बघून. स्वतःसाठी नवी गाडी बनवून घेणाऱ्यानं हवा तो रंग मागावा, तो त्याच्या परिमाणाचा प्रश्न. दुसऱ्यानं निवडलेली वस्तू आपण अर्ध्या किमतीत घेतो तेव्हा त्याची निवडही त्यात आलीच.

आता याला एक अपवाद मी स्वतः करते, तो चामड्याचा. बऱ्याच गाड्यांवर लेदर लिहिलेलं असतं ते प्रत्यक्षात रेक्झिनच्या जातीचं कृत्रिम असतं. पण महागड्या गाड्यांत खरं चामडं असतं, आणि साध्या गाड्यांच्या वरच्या मॉडेलांतही स्टिअरिंगवर किंवा गिअरच्या मुठीवर ते असू शकतं. जुनी गाडी घेताना हे विचारून घ्यावं. अशी गाडी न घेणं उत्तम, बाजारात दुसऱ्या पुष्कळ आहेत. पण वडिलांकडून मुलाकडे आली, कुणी भेट दिली, तर? घरातली नियम पाळणारी सासू त्या सीटवर पाय ठेवणार नाही. तिथं सीट बदलण्याला मी अनर्थदंड म्हणणार नाही, कारण त्याला अर्थ आहे. अनर्थ म्हणजे प्रयोजन नसलेलं. कुणी म्हणेल की प्राणी तर केव्हाच गेला, आता बदलून काय मिळणार? मला वाटतं, रोज ज्यावर बसायचं त्याबद्दल मनाला टोचणी असेल तर ती टोचणी काढण्याचा हक्क माणसाला आहे. कृत्रिम लेदर तरी कुठं निर्दोष आहे, तेही तेलापासूनच बनतं आणि मातीत जात नाही. म्हणून मी तरी कापडाचीच सीट बरी म्हणते. कोल्हापूरच्या उकाड्यात पाठीला चिकटत नाही, हा व्यवहारी फायदा.

आणि बेज रंगाची बाजू कुणी घेत नाही म्हणून मीच घेते. मळतो ही त्याची तक्रार करतात. मळ तर काळ्यावरही तेवढाच बसतो, फक्त दिसत नाही. आमच्या गाडीत नातवंडं बिस्किटं खातात, हंगामात उसाचे करवे येतात, गुळाची ढेप येते, आणि मागोमाग मुंग्या येतात. फिकट सीटवर मुंगी दिसते. बसायच्या आधी नजर टाकली की हातरुमालानं अलगद बाजूला करता येते. काळ्यावर ती दिसत नाही, आपण थेट तिच्यावर बसतो. वस्तू ठेवताना-उचलताना, बसताना-उठताना पाहून वागावं हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं. मुनी महाराजांची पिच्छी त्यासाठीच असते, आणि ते तर गाडीत बसतच नाहीत. भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज सम्मेद शिखरजीपर्यंत पायी गेले. आपल्याला तेवढं जमत नाही, आपण गाडीत बसतो, तर निदान बघून बसावं. त्याला फिकट रंग मदतच करतो. उन्हाळ्यात दसरा चौकात तासभर गाडी उभी केली तर काळी सीट कशी भाजते हेही आठवून बघा. न्यायाची गोष्ट म्हणून सांगते, डॅशबोर्डचा वरचा भाग गडदच हवा. फिकट असला तर त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडून गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर येतं. म्हणूनच बेज गाड्यांतही वरची पट्टी बहुधा काळी असते.

भाच्यानं शेवटी काय केलं? आधी आत शॅम्पूनं स्वच्छता करून घेतली, तीन हजारांत. सात वर्षांचा थर निघाल्यावर बेज रंग मूळचा बराच उजळ निघाला आणि त्याची निम्मी तक्रार तिथंच गेली. उरलेल्या निम्म्यासाठी त्यानं गडद करड्या कापडाची कव्हरं शिवून घेतली, नऊ हजारांत. करडा म्हणजे कापोत, सहातला तिसरा. मी हसून म्हटलं, पहिल्यावरून तिसऱ्यावर आलास, हेही काही कमी नाही.

तरीही कुणाला भंगारातला सेट आणायचाच असेल, तर तो कुठून आला हे खोदून विचारा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत, नागाळा पार्कात, दुधाळीत शिरलं तेव्हा किती गाड्या सीटपर्यंत बुडाल्या ते आपण पाहिलंय. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी गेलं ५५ फुटांच्या वर. अशा गाड्या विम्यात निकाली निघतात आणि त्यांचं सामान सुटं होऊन बाजारात फिरतं. वरून धुतलेली सीट कोरी दिसते, आत फोममध्ये ओल आणि बुरशी राहते. ती एकदा धरली की निघता निघत नाही, आणि काढायची म्हणजे पुन्हा हिंसाच. सीट उलटी करून खालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का बघावं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा, आतल्या टोकाला गाळाची पिवळट रेघ असेल तर पुराची गाडी समजायची. कार्पेटची कड उचलून नाकाजवळ न्यावी. आणि ही सगळी तपासणी दुपारी, उन्हात करावी, संध्याकाळी दुकानाच्या दिव्याखाली नको.